खडीच्या वाटेवरची कडी

मित्रांनो, ज्या वाटेवर तुम्ही बिनधास्त सायकल हाणता, त्या वाटेच्या तोंडाशी मी लटकलेली असते. तुमचं माझ्याकडे लक्ष जात नाही, आणि ते बरोबरच आहे. मी एक जुनी कडी आहे. हातभर लांब, लोखंडाची, टोकाला वाकवलेली. घराच्या दाराची नव्हे. डोंगरावर चढणाऱ्या खडीच्या वाटेला जे मोठं दोन झडपांचं फाटक आहे, त्याची. माझं काम अगदी सोपं आहे. मी कोयंड्यात बसले की फाटक बंद. मी बाहेर लोंबले की फाटक उघडं. पण यातलं काहीच मला स्वतःहून करता येत नाही, आणि म्हणून मला भीती वाटते. लोखंडाला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. ऐका तर.

लोहाराने मला तापवलं, ठोकलं आणि पाण्यात बुडवलं, तेव्हा मी जन्माला आल्याचं मला कळलं. कारण मी किंचाळले. कोयंडा माझ्या आधीच तयार होऊन बसला होता, गप्प आणि गोल. लोहाराने मला त्याच्यात घालून बघितलं, काढलं, कानस फिरवली, पुन्हा घातलं. मग कपाळाचा घाम पुसत तो म्हणाला, "जमलं! आता नांदा सुखाने." तेव्हापासून आम्ही नांदतो आहोत. कोयंडा फारसं बोलत नाही. कुठल्या घरात नवरे बोलतात?

जिथे मला बसवलं, तिथून पूर्वी एक छोटी रेल्वे जात असे. डोंगराच्या पोटातला दगड ती खाली आणायची. दगड संपला, रेल्वे गेली, रूळही उचलून नेले. राहिली ती नुसती वाट: डोंगराच्या कडेकडेने वळत जाणारी, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी. वर गेल्यावर एक बोगदा. लोकांनी त्या वाटेवर बारीक खडी पसरली, वरून रोलर फिरवला, आणि ठरवलं की इथे फक्त सायकली जातील. मोटार नाही, ट्रक नाही, मोटारसायकल तर मुळीच नाही. सायकलींसाठी फाटकाच्या शेजारी भिंतीतून एक नागमोडी फट ठेवली. फाटक उघडायचं ते वाटेच्या दुरुस्तीची गाडी आली तरच.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. लांबलांबून माणसं यायची, फाटकाला सायकल टेकवून फोटो काढायची. "काय शांत वाट आहे!" म्हणायची. एक आजोबा तर मला हात लावून म्हणाले होते, "ही आहे म्हणून शांतता आहे." मग हळूहळू सगळ्यांना शांततेची सवय झाली. सवय झाली की माणसं बघायची थांबतात. माझ्यावर कुणी ओला टॉवेल वाळत घालू लागलं, कुणी पिशवी अडकवू लागलं. तेल सुकलं. गंज चढला. कोयंड्यात शिरताना मी कुरकुरू लागले, तर लोक म्हणाले, "कडी कुरकुरते." कुरकुरणारीला कुणी तेल देत नाही, नुसती नावं ठेवतात.

वाटेची राखण एक काका करायचे. फाटकाच्या खाली, रस्त्याच्या वळणावर त्यांचं घर. काका भले, हसरे. पण त्यांना एक खोड होती. त्यांच्या तोंडून 'बंद' हा शब्द निघत नसे. त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, आणि दुकान 'बंद' करायचं म्हणजे अशुभ. म्हणून जुनी माणसं म्हणतात, "दुकान वाढवा." दिवा विझवायचा तर "दिवा वाढवा." बांगडी फुटली तर "वाढली." काका फाटकालाही तसंच म्हणायचे. संध्याकाळी दुरुस्तीची गाडी आत असेल तर हाक मारायचे, "चला, फाटक वाढवायचंय!" काकू हसायच्या. म्हणायच्या, "किती वाढवाल? एक दिवस डोंगराला टेकेल." पण सगळ्यांना अर्थ माहीत होता, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

आणि एक आई होती. तिची मुलगी, तिला ती भिंगरी म्हणायची. भिंगरी एका जागी उभी राहत नसे. दोघी गावात मोठ्या रस्त्यालगत राहत होत्या. एकदा दारासमोर रस्ता ओलांडताना एका ट्रकचा आरसा भिंगरीच्या कानाजवळून गेला होता. झालं काहीच नाही, असं सगळे म्हणत. पण आईचा श्वास तेव्हापासून जो अर्ध्यावर अडकला, तो अडकलाच. भिंगरीला सायकल शिकायची होती आणि आईला जगात एकच जागा सापडली जिथे ट्रक येऊ शकत नाही: आमची वाट.

ती आली की आधी मला धरून हलवायची. मी लागलेली आहे ना, हे बघायची. मग फटीतून आत शिरायची, आणि आत गेल्यावर वळून पुन्हा हलवायची.

"आई, बघितलंस ना मघाशी?"

"बघितलं गं. पुन्हा बघते."

"ती काय पळून जाणारे?"

"ती नाही पळत. माणसं उघडून जातात."

काकू एकदा म्हणाल्या, "अहो, तुमच्या हातानेच झिजायची ती कडी."

"झिजू दे," आई म्हणाली. "पण लागलेली असू दे."

मित्रांनो, त्या दिवसांत मला कुणी हात लावत असेल तर तीच. तिच्या तळव्याला घाम असायचा. मला तो आवडायचा नाही, कारण घामाने गंज वाढतो; आणि आवडायचाही, कारण माझ्याइतकीच घाबरणारी दुसरी कुणीतरी होती.

आधी ती सायकलचं कॅरिअर धरून भिंगरीच्या मागे धावायची. "सोड," भिंगरी ओरडायची. "सोडलं," आई म्हणायची आणि सोडायची नाही. मग एकदा खरंच सुटलं. मग आईने स्वतःची जुनी सायकल काढली आणि दोघी बरोबर जाऊ लागल्या. खडीवर चाकांचा चरचर आवाज होतो. मोठ्या चाकांचा जाड, छोट्या चाकांचा बारीक. बोगद्याकडे जाताना तो दूर दूर जायचा आणि परत यायचा. तो परत आला की मला बरं वाटायचं.

ज्या दुपारबद्दल सांगायचं आहे, त्या दुपारी ऊन कोवळं होतं आणि वाटेवर दुसरं कुणी नव्हतं. भिंगरी फटीतून आत शिरली आणि म्हणाली, "आज मी एकटी पुढे जाणार. बोगद्यापर्यंत."

"काही गरज नाही."

"आई, इथे गाड्या येतच नाहीत! तूच म्हणतेस. कडी लागलीय, मग कशाला घाबरतेस?"

आईने माझ्याकडे बघितलं. हलवून बघितलं. माझा जीव खालीवर झाला. मुलीला पुढे सोडायचं की नाही, हे ती मला विचारत होती, आणि मी लागलेली होते. मी खोटं कसं बोलणार?

"बोगद्याच्या तोंडाशी थांबायचं," ती शेवटी म्हणाली. "आत नाही."

"आत नाही."

"काय म्हणाले मी?"

"तोंडाशी थांबायचं, आत नाही, आत नाही, आत नाही! जाऊ?"

"वळणावर ब्रेक हळू लाव, खडी घसरते..."

पण बारीक चरचर केव्हाच पुढे गेली होती. आई थोडी थांबली, स्वतःला धरून ठेवल्यासारखी, आणि मग हळूहळू मागून निघाली. मुद्दाम हळू. तिला ते किती जड गेलं, ते तिच्या पॅडलवरून मला कळत होतं.

त्या दोघी वळणाआड गेल्या आणि खालून खडीचा टिपर आला. काकांचा पाय मुरगळला होता म्हणून ते घरी होते. त्यांनी ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं की फाटकाच्या आत, भिंतीलगत खडी टाकायची आणि निघायचं. ड्रायव्हर नवा होता, चांगला वाटला. त्याने मला कोयंड्यातून काढलं, एक झडप उघडली, टिपर मागे घेऊन जेमतेम आत घातला, खडी ओतली, बाहेर आला. मग त्याने काकांना फोन लावला. हात धुळीने भरले होते म्हणून फोन बॉनेटवर ठेवला आणि मोठ्याने बोलू लागला. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"काका, काम झालं."

"शाब्बास. आता फाटक वाढवा आणि निघा."

"वाढवू? एक झडप उघडीच आहे की."

"तेच म्हणतोय ना! तशी ठेवू नका. नीट वाढवा."

"आणखी वाढवू?"

"हो हो, पूर्ण वाढवा. वाढवून मगच जा."

"बरं काका. वाढवतो."

तो माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता मला उचलेल. त्याने दुसऱ्या झडपेला खांदा लावला आणि तीसुद्धा उघडली. भिंतीला टेकेपर्यंत उघडली. दोन्ही झडपांखाली एकेक दगड सरकवला, म्हणजे वाऱ्याने हलायला नकोत. जरा मागे सरकून त्याने काम बघितलं. "याहून काय वाढणार," असं पुटपुटला आणि टिपर घेऊन निघून गेला.

मी लोंबत राहिले. समोर कोयंडा होता, पण आता वाटेच्या पार पलीकडे. इतक्या वर्षांत तो मला इतका लांब कधी दिसला नव्हता. आमच्या दोघांच्या मध्ये सबंध वाट उघडी पडली होती. वारा आला तरी मी हलेना. मी ऐकत होते. वर, खूप वर, बारीक चरचर.

कुणी येऊ नये, एवढंच मी म्हणत होते.

आली. गाद्या पोचवणारी बंद व्हॅन. ती खालच्या रस्त्याने सरळ जायची, पण फाटकासमोर थबकली. ड्रायव्हर कुणाशी तरी फोनवर बोलत होता. "हो शेठ, मोबाइलवर दाखवतोय ना, डोंगरातून जवळचा रस्ता आहे. फाटक? फाटक सताड उघडं आहे. हो, आलोच." त्याने गिअर टाकला. व्हॅन माझ्या अंगावरून गेल्यासारखी गेली. खडी तिच्या चाकांखाली ओरडत होती. सायकलीखाली खडी बोलते; गाडीखाली ती ओरडते. मग तो आवाज वर चढू लागला, पहिल्या वळणावर जरा दबला, पुन्हा मोठा झाला.

मित्रांनो, मी तुम्हाला काय सांगू. त्या वाटेवर एका बाजूला कातळ आहे आणि एका बाजूला दरी. बाजूला व्हायला जागा नाही, कारण कुणाला बाजूला व्हावं लागेल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. माझ्या भरवशावर ती वाट तशी होती. आणि मी लोंबत होते.

तिकडे काकांच्या घरी काय झालं, ते मला नंतर काकूंच्या तोंडून कळलं. काका फोन ठेवून पाय शेकत बसले होते. काकू दोरीवरचे कपडे काढत होत्या, आणि फोनमधला मोठा आवाज त्यांच्यापर्यंत आला होता.

"काय म्हणाला तो?" काकूंनी विचारलं.

"म्हणाला, वाढवतो."

"ते नाही. त्याच्या आधी काय म्हणाला? 'आणखी वाढवू' म्हणाला ना?"

"हो. मग?"

"मग काय मग! फाटक म्हणजे काय पान मांडलंय, आणखी वाढू का विचारायला?" असं म्हणून काकू हसल्या, आणि हसता हसताच त्यांचं तोंड उघडं राहिलं. "अहो," त्या म्हणाल्या, "त्याने उघडलं असेल."

"छे. काहीतरीच."

"मघाशी ती भिंगरी वर गेलीय. आईबरोबर. मी बघितलं."

काका उठायला गेले आणि पाय धरून खाली बसले. काकू कपडे तिथेच टाकून निघाल्या. अनवाणी.

मला त्या वळणावरून पळत येताना दिसल्या. फाटकाशी आल्या, दोन्ही झडपा भिंतीला टेकलेल्या बघितल्या, मग खाली बघितलं. खडीत व्हॅनच्या चाकांचे जाड ओरखडे वर गेले होते. काकूंनी हाक मारली, पण धावून धावून त्यांचा आवाज फुटत नव्हता. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मला धरलं.

मित्रांनो, दाराशी आलेला माणूस कडी वाजवतो. मला जन्मात कुणी तसं वाजवलं नव्हतं; आमच्या फाटकाच्या आत घर नव्हतं, ऐकणारं कुणी नव्हतं. काकूंनी मला फाटकाच्या पोकळ पाइपावर आपटलं. पुन्हा आपटलं. मग आपटतच राहिल्या. पाइप घणघणला. माझं टोक वाकलं, गंजाचे पोपडे उडाले, काकूंच्या बोटांना रक्त आलं. मला वाटत होतं की मी तुटेन. तुटू दे, पण वर पोचू दे. वाट वळून वळून जाते, त्यामुळे बोगद्याच्या अलीकडचं मोठं वळण बरोबर फाटकाच्या डोक्यावर येतं. तिथे आई होती.

पुढचं मी पाहिलं नाही. आईने ते नंतर इथेच उभं राहून, दातांवर दात आपटत सांगितलं, तसंच तुम्हाला सांगते.

तिला लोखंडाचा आवाज आला. कडी वाऱ्याने वाजते तेव्हा एकदाच वाजते. ही कुणीतरी वाजवत होतं. तिने सायकल थांबवली. आणि मग आवाजाच्या खालून दुसरा आवाज आला, इंजिनाचा, वर येणारा. तिचे पाय पुढे पळायला बघत होते, भिंगरीकडे. पण गाडी पायांपेक्षा जोरात येते. गाडी आणि भिंगरी यांच्यामध्ये फक्त तीच होती. तिने सायकल वाटेवर आडवी टाकली आणि सायकलीच्या पलीकडे वाटेच्या मधोमध उभी राहिली. दोन्ही हात पसरून.

व्हॅन वळणावरून आली. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, आणि खडीवर गाडी थांबत नाही, घसरते. ती घसरत घसरत आली, तिचं मागचं चाक दरीच्या काठाकडे सरकलं, दोन दगड खाली गेले आणि बराच वेळ पडतच राहिले. आईने डोळे मिटले नाहीत. मिटता आलेच नाहीत, म्हणाली. सायकलचं पुढचं चाक कुर्रर्र करून व्हॅनखाली चुरगळलं आणि व्हॅन थांबली. बंपर तिच्या गुडघ्याला लागला होता. नुसता लागला होता, एखाद्याने हाताने थांबवावं तसा.

ड्रायव्हर खाली उतरला आणि वाटेवरच बसला. त्याच्याकडे न बघता आई पळाली.

बोगद्याच्या तोंडाशी भिंगरी नव्हती. तिची सायकल पडलेली होती. कुणी नव्हतं. आई म्हणते, त्या क्षणी ती काय झाली ते तिला सांगता येत नाही, आणि मीही विचारत नाही. तिने हाक मारली. बोगद्याने तिचीच हाक तिला परत दिली. तिने पुन्हा मारली.

आणि आतून, अंधारातून, रडवेला आवाज आला, "मी आत नाहीये!"

लोखंडाचा घणघणाट ऐकून ती घाबरली होती आणि आत पळाली होती. जुन्या रेल्वेच्या माणसांनी गाडी आली की उभं राहण्यासाठी बोगद्याच्या भिंतीत एक कोनाडा खोदला होता, त्यात ती अंग चोरून बसली होती. आईचा शब्द मोडला म्हणून आई रागावेल, ही तिची भीती अजून मोठी होती. आई रागावली नाही. तिने पोरीला उचललं, इतकं घट्ट की भिंगरी म्हणाली, "आई, श्वास घेऊ दे."

दोघी चालत खाली आल्या. त्यांच्यामागून व्हॅन उलटी येत होती, एका वेळी चार बोटं, आणि ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत "बाई, माफ करा, बाई, माफ करा," म्हणत होता. फाटकाशी काकू बसल्या होत्या, पदराने बोटं बांधून. काका लंगडत, काठी टेकत येऊन पोचले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी त्याला वाढवा म्हणालो," काका म्हणाले. "त्याला वाटलं... माझ्या तोंडून तो शब्द येतच नाही हो. लहानपणापासून. अशुभ वाटतं."

आई ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. तिने भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"काका," ती म्हणाली, "मला वाढवणं एकच माहीत आहे. हिला वाढवतेय मी."

काका पुढे झाले. त्यांनी काठीने एका झडपेखालचा दगड काढला, मग दुसरीखालचा. व्हॅन बाहेर गेल्यावर दोन्ही झडपा ओढून आणल्या. काकू मदतीला उठल्या तर त्यांना हाताने थांबवलं. मला उचललं. माझं टोक वाकलेलं होतं, मी कोयंड्यात नीट बसत नव्हते. त्यांनी दाबलं, पुन्हा दाबलं, आणि मी बसले. मग ते अगदी हळू, शिवी द्यावी तसं, म्हणाले, "बंद."

नंतर बरेच दिवस त्या दोघी आल्या नाहीत. काकांनी मला तेल दिलं. लोहाराने येऊन माझं टोक सरळ केलं. सायकलवाले यायचे, काय शांत वाट आहे म्हणायचे, जायचे. प्रत्येक बारीक चरचर ऐकली की मी ताठ व्हायचे, आणि ती दुसऱ्याच कुणाची असायची. मला वाटलं, आता ती मुलगी जन्मात सायकलवर बसणार नाही. आईने तिला घरात ठेवलं असेल, आणि मी आई असते तर मीही ठेवलं असतं.

मग एका सकाळी आल्या. आईच्या सायकलला नवं चाक होतं, बाकीच्या सायकलपेक्षा जास्त चकचकीत. तिने मला धरून हलवलं. आत जाऊन पुन्हा हलवलं. भिंगरी या वेळी काही म्हणाली नाही. उभी राहिली, सायकल धरून, न हलता. ते बघून मला रडू आलं. भिंगरीला असं उभं राहता येतं, हे मला माहीत नव्हतं.

"आई, तू पुढे जा," ती म्हणाली. "मी मागे राहते."

आईने वर, वळणाकडे बघितलं. तिचा हात माझ्यावरच होता, घामेजलेला. मग ती म्हणाली, "नाही. पुढे तूच जा. पहिल्या वळणापर्यंत. कान उघडे ठेव. कडी लागली असली तरी कान उघडे ठेव."

"तू येशील?"

"तू वळलीस की निघाले."

भिंगरी सायकलवर बसली. सायकल डगमगली, सावरली. बारीक चरचर सुरू झाली. आईने मला इतकं घट्ट धरलं की लोखंड गरम झालं. आम्ही दोघी ऐकत उभ्या होतो. तिला भीती वाटत होती, मला भीती वाटत होती, आणि चाकं जात होती.

मित्रांनो, कड्यांना तेल द्या, गंज खरवडा, हे तर तुम्ही कराच. पण माझं मागणं दुसरं आहे. दार उघडून गेलात तर मागे वळा आणि स्वतःच्या हाताने लावा. कुणाला सांगायचं असेल तर त्याला कळेल अशा शब्दांत सांगा, शब्द कितीही कडू असो. आत कुणी दिसत नाही म्हणून उघडं टाकून जाऊ नका. वाट वळते. वळणापलीकडे कुणीतरी लहान असतंच.